सतरा नंबरचा वास

सर्दी हा काही सांगण्यासारखा आजार नव्हे. औषध घेतलं तर सात दिवसांत बरा होतो आणि नाही घेतलं तर आठवडाभरात, असं म्हणून लोक हसतात आणि रुमाल खिशात कोंबून कामाला जातात. तीही गेली. सोमवारपासून नाक चोंदलेलं, डोकं जड, जिभेला कशाची चव नाही. पण प्रयोगशाळेतले मासे काही तिच्या नाकासाठी थांबणार नव्हते. अंडं घातल्यापासून पाचव्या दिवशी पिल्लांचे डोळे तपासायचे म्हणजे पाचव्याच दिवशी, तिथे सवलत नाही. म्हणून बुधवारी ती सकाळपासून मायक्रोस्कोपवर वाकून बसली, शिंक आली की तेवढी मान वळवली, आणि बाराव्या तुकडीतली साठ पिल्लं मोजून मोकळी झाली. गुरुवारी चिठ्ठ्या उघडल्या. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, आकड्यांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, परत आकड्यांकडे पाहिलं. सतरा नंबरमध्ये ठेवलेल्या पिल्लांचे सरासरी एकोणीस झटके. आणि साध्या पाण्यातल्या पिल्लांचेही एकोणीसच.

काम तसं सांगायला सोपं होतं. झेब्रा माशाचं पाच दिवसांचं पिल्लू तांदळाच्या कणीएवढं असतं, आरपार दिसणारं, आणि त्याच्या अंगाच्या मानाने डोळे केवढेतरी मोठे. त्याला घट्ट, चिकट पाण्यात ठेवायचं, म्हणजे अंग हलत नाही, डोळे तेवढे हलतात. मग भोवती काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा ड्रम फिरवायचा. ज्याला दिसतं त्याचा डोळा पट्टीच्या मागे मागे सरकत जातो, टोकाला पोचला की झटक्याने परत येतो आणि पुढची पट्टी धरतो. एक झटका म्हणजे अंगठ्याखालच्या काउंटरची एक टिक. मिनिटाला अठरा-वीस टिका झाल्या की डोळा धड. पण सगळे झटके सरळ नसतात. काही अर्धेमुर्धे असतात, नुसती थरथर. ती धरायची की सोडायची हे मोजणाऱ्याच्या अंगठ्यावर. म्हणूनच कोणत्या बशीत विष आणि कोणत्या बशीत नुसतं पाणी हे मोजणाऱ्याला कळता कामा नये. विष घालायचं, बश्यांना आकडे डकवायचे आणि कोणता आकडा कशाचा ती चिठ्ठी कुलपात ठेवायची, हे काम दुसऱ्या बाईंचं. त्यांना सगळे चिठ्ठीबाई म्हणत. निवृत्तीला चार महिने उरले होते आणि बावीस वर्षांत त्यांची एक चिठ्ठी इकडची तिकडे झाली नव्हती.

आणि आता सर त्यांनाच विचारत होते, "बाई, डोस घालायला विसरलात का हो?"

चिठ्ठीबाईंचा चेहरा पडला. "मी?"

"तसं नव्हे. माणूस आहे, होतं कधीतरी. अकरा तुकड्यांत अकरा-बारा झटके येतात आणि बाराव्या तुकडीत एकदम एकोणीस? काहीतरी राहिलंच असणार."

"काही राहिलेलं नाही. घातलाय मी डोस, वहीत वेळ लिहिली आहे. आणि विषातली उरलेली पिल्लं मी दोन दिवस सांभाळते ना, ती नेहमीसारखीच करतायत. तोंडापुढचं खाणं सोडून देतात आणि बाजूबाजूचं टिपतात. वेड्यासारखी. साध्या पाण्यातली करतात का तसं?"

"खाण्याचं आपल्याला कुणी विचारलेलं नाही," सर म्हणाले, तेही तुटकपणे नाही, थकून. "आपल्याला डोळ्यांचं विचारलंय. अहवाल पुढच्या आठवड्यात जायचाय. उद्या तेरावी तुकडी आहे. नीट करू या."

नीट करू या, म्हणजे तुम्ही नीट केलं नाहीत. चिठ्ठीबाईंना ते समजलं, तिलाही समजलं. तिने नाक पुसलं. तिला धास्ती वाटत होती, पण चिठ्ठीबाईंसाठी नव्हे. अकराचे एकोणीस झाले म्हणून. त्या अकरावर तिचं घर उभं होतं, आणि ते त्या खोलीत तिच्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं.

सतरा नंबर हे प्रयोगशाळेतलं नाव. सुरक्षा कार्यालयाने सीलबंद बाटल्या पाठवल्या तेव्हा त्यावर तो आकडा होता, एवढंच. प्लास्टिकवर छपाई करणारे कारखाने रूळ पुसायला जे द्रावण वापरतात ते हे, आणि ते हवेत किती असलेलं चालतं याची मर्यादा कार्यालयाला पुन्हा ठरवायची होती. कारखान्यातली माणसं त्याला गोडं म्हणत. गोडं संपलं, गोडं आण, गोड्याचा डबा उघडा कुणी ठेवला. तिचा नवरा एकोणीस वर्षं ते फडक्यावर ओतून रूळ पुसत होता. सातव्या-आठव्या वर्षापर्यंत तर उघड्या हातांनी. घरी आला की आधी त्याचा वास आत यायचा, मागून तो. जास्त पिकलेल्या फळासारखा, आणि त्याच्या तळाशी नव्या चपलेचा. सदरे दोनदा धुतले तरी कॉलरच्या आतल्या बाजूला राहायचा. लग्न झालं तेव्हा तिला तो वास आवडायचा, हे आता कुणाला सांगायची सोय नव्हती. तो घरात नसला की ती उशीवर नाक ठेवून झोपायची. मग एका वर्षी त्याला रंगांत गोंधळ व्हायला लागला, तांबडं की करडं. मग बसचे आकडे. मग समोरून येणाऱ्या माणसाला तो ओळखेनासा झाला, आणि लोक म्हणायला लागले की फार शिष्ट झालाय.

डोळे गेल्याबद्दल त्याच्यासकट चाळीस कामगारांनी भरपाई मागितली, तेव्हा कारखान्याने डॉक्टर दिला. स्वच्छ खोली, स्वच्छ माणूस. ती सोबत गेली होती आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर पर्स मांडीत धरून बसली होती. डॉक्टरने टेबलाखालून एक ड्रम काढला. हातात धरायचा, लहानसा, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. तिला तर हसूच आलं, कारण असलाच ड्रम ती रोज फिरवायची. तिने पाहिलं: नवऱ्याचे डोळे पट्टीमागे सरकत गेले आणि झटक्याने परत आले. सरकले, परत आले. तिचा अंगठा पर्सच्या बंदावर आपोआप मोजत होता. डॉक्टर म्हणाला, "हे डोळ्यांना ठरवून करता येत नाही, आणि ठरवून थांबवताही येत नाही. यांना दिसतं." पुढचं तो बोलला नाही, कागदावर लिहिलं. चाळीस जणांच्या कागदांवर तेच लिहिलं गेलं. चाळीस जण ढोंगी ठरले आणि दावे फेटाळले गेले.

तेही तिने सोसलं असतं. पण त्या संध्याकाळी, घरी, चपला काढता काढता तिने विचारलं होतं, "अहो, खरं सांगा, दिसतं का तुम्हाला?" आपल्या कामावर तिचा विश्वास होता ना. डोळा खोटं बोलत नाही हे तिला पगार देऊन शिकवलेलं होतं. तो भिंतीला हात लावून उभा होता. त्याने मान वळवली, पण तिच्याकडे नाही, तिच्या कानाच्या थोडं पलीकडे बघत राहिला. तेव्हापासून तो तसाच बघतो, नेहमी तिच्या बाजूला कुठेतरी. राग आहे, असं ती धरून चालली. नजरेला नजर द्यायची नाही असं त्याने ठरवलंय. सहा वर्षं झाली. आणि मग सीलबंद बाटल्या आल्या, त्यांच्याबरोबर कार्यालयाचं पत्र आलं, आणि पत्रात लिहिलं होतं की मर्यादेइतक्या डोसाने डोळ्यांना अपाय होतो असं दिसल्यास पूर्वीचे दावे पुन्हा उघडले जातील. आपल्या घरातलं माणूस त्या चाळिसांत आहे हे तिने सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर काम दुसऱ्याला गेलं असतं. लोक म्हणत, बाई नाकासमोर चालणारी आहे. ती गप्प राहिली.

शुक्रवारी तेराव्या तुकडीला बसली तेव्हा नाक सुटलं होतं. एवढंच झालं. सकाळी उठली तर साबणाचा वास आला, चहाचा आला, बसमध्ये शेजारच्या बाईच्या तेलाचा आला, आणि चार दिवसांनी जग परत आल्यासारखं तिला बरं वाटलं. पहिली बशी घेतली, झाकण उचललं, पिल्लू उचलून चिकट पाण्यात ठेवलं, मोजलं. वीस. दुसरी, एकोणीस. तिसऱ्या बशीचं झाकण उचललं आणि पिल्लाकडे बघायच्या आधीच तिला कळलं. कळलं हा शब्दही मोठा झाला. काहीतरी आत आलं, पिकलेलं, गोडसर, एका श्वासापुरतं, आणि तिच्या खांद्यांमध्ये थोडा जडपणा उतरला, जसा संध्याकाळी दार वाजलं की उतरायचा. चिठ्ठीबाईंना त्या बश्यांतून कसलाही वास येत नसे, सरांना येत नसे; डोसच एवढा कमी होता की आलाच नसता. पण एकोणीस वर्षं सदरे धुतलेल्या बाईचं नाक वेगळं. तिने पिल्लू ठेवलं. ड्रम सुरू केला. डोळा सरकला, परत आला: टिक. सरकला, परत येताना जरा थरथरला, आणि अंगठा तसाच राहिला. सरकला, टिक. सरकला, थरथर, अंगठा गप्प. तिने स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. मायक्रोस्कोपवरून मान उचलून, चालू मिनिटात, तिने आपल्या उजव्या हाताच्या अंगठ्याकडे पाहिलं. तो काउंटरवर वाकलेला होता आणि वाट बघत होता. कुणीतरी सांगून ठेवल्यासारखा.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण चोराला आपण चोर आहोत हे तरी माहीत असतं. तिला खरंच माहीत नव्हतं. की होतं? अकरा तुकड्या, प्रत्येकी साठ पिल्लं, इतक्या वेळा झाकण उचललं आणि एकदाही मनाशी म्हटलं नाही की हा तोच वास. का म्हटलं नाही? म्हणायची गरज नव्हती म्हणून, की म्हटलं असतं तर थांबावं लागलं असतं म्हणून? ती त्या स्टुलावर बसून हे उकरत राहिली आणि ड्रम फिरत राहिला, आणि चिकट पाण्यातलं पिल्लू बिचारं पट्टीमागून पट्टी धरत राहिलं.

शनिवारी दुपारी इमारतीत कुणी नव्हतं. प्रत्येक मिनिटाचं चित्रण यंत्रात आपोआप साठत असे आणि ते आजवर कुणी बघितलं नव्हतं. जे डोळ्यांनी मोजलंय ते परत कोण बघतो. तिने पहिल्या तुकडीपासून सुरुवात केली. पडद्यावर पिल्लू नुसतं करडं होतं, डोळा काळा, आणि पडद्याला वास नव्हता. तिने मोजलं. एकोणीस. वीस. अठरा. एकोणीस. दुसरी तुकडी. तिसरी. आपण जिथे नऊ लिहिलं होतं तिथे अठरा होते. बारा लिहिलं होतं तिथे एकवीस. थरथर म्हणून सोडलेले झटके पडद्यावर चांगले स्पष्ट झटके होते. मध्ये एकदा तिने पुन्हा अंगठा ढिला सोडून पाहिला, म्हणजे आता तरी अकरा येतील. पण आता तिला ते करताही येईना. बाहेर ऊन कलत गेलं, चौथ्या तुकडीनंतर तिने मोजणं सोडून दिलं, कारण पुढे काय येणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. सगळ्यांना दिसत होतं. विषातल्या पिल्लांना, पाण्यातल्या पिल्लांना, सगळ्यांना पट्ट्या दिसत होत्या. बुधवारची तुकडी चुकली नव्हती. बुधवारचीच तेवढी खरी होती. चिठ्ठीबाईंनी डोस घातला होता.

रविवार कसा गेला हे तिला नंतर आठवलं नाही. नवऱ्याने दोनदा विचारलं, "बरं वाटत नाहीये का गं?" आणि तिने दोनदा सर्दीवर ढकललं. गप्प राहणं फार सोपं होतं, खरं तर. तेराव्या तुकडीचे अकरा लिहायचे, बारावी तुकडी डोस चुकला म्हणून बाद करायची, चिठ्ठीबाई चार महिन्यांनी घरी जातीलच, वहीत एक तांबडी शाई पडेल, बाकी काय? इकडे चाळीस घरं. आणि तो ढोंगी नव्हता हे तर खरं होतं! त्याला दिसत नव्हतं हे खरं होतं. खऱ्यासाठी चार आकडे खोटे लिहिले तर कुणाचं काय बिघडतं, हा विचार तिने रविवारी इतक्या वेळा केला की तो गुळगुळीत होऊन गेला. पण तिच्या हातून ते होणार नव्हतं. चांगुलपणा म्हणून नव्हे. तेवढं कौतुक तिला स्वतःचं उरलं नव्हतं. एकदा त्या डॉक्टरच्या खोलीत तिने मोजणीवर विश्वास ठेवून नवऱ्यावर ठेवला नव्हता. आता मोजणीच खोटी केली तर त्या संध्याकाळचं काय करायचं? नवरा गेला तो गेला, आणि ज्याच्यासाठी घालवला तेही गेलं.

सोमवारी तिने सरांना सगळं सांगितलं, उभ्यानेच. सरांनी मधे न बोलता ऐकलं. शेवटी म्हणाले, "घरचा माणूस तिथे होता हे आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर काम दिलं असतंत?"

"नाही."

"म्हणून."

सरांनी डोळे चोळले. "रेकॉर्डिंग मी बाहेरच्या माणसाकडून मोजून घेतो. आणि तू म्हणतेस तसंच निघालं तर मला लिहावं लागेल. मर्यादेपर्यंत परिणाम आढळला नाही. कळतंय ना तुला?"

"कळतंय."

"या कामावर तुला परत बसता येणार नाही. या म्हणजे कुठल्याच. तू मोजलेल्या आकड्याला आता कोण विचारणार?"

"तेही कळतंय."

चिठ्ठीबाई सिंकपाशी बश्या विसळत होत्या. त्यांना तिने सांगितलं तेव्हा त्यांनी नळ बंद केला. त्या रडतील असं तिला वाटलं होतं, किंवा हात धरतील. त्या म्हणाल्या, "चार दिवस लागले बोलायला? मी शुक्रवारी जेवले नाही." आणि नळ पुन्हा सोडला.

घरी पोचली तेव्हा उजेड होता. नवरा खिडकीपाशी बसला होता. दावा उघडायची आशा लागल्यापासून तो रोज एकच विचारायचा, आजही विचारलं, "आज किती?" म्हणजे आज किती पिल्लं आंधळी निघाली. तो हे इतक्या सहज विचारायचा की जणू धावसंख्या विचारतोय, आणि ती रोज सांगायची, आणि त्याचा चेहरा जरासा सैल व्हायचा. तिने पर्स ठेवली. चप्पल काढली. मग तिथेच उभी राहून सांगितलं, वासाचं, अंगठ्याचं, पडद्याचं. काही गाळलं नाही.

"म्हणजे सगळ्यांना दिसतं," तो म्हणाला.

"हो."

"माझ्यासारखंच."

तिला वाटलं तो आता भांडेल, आणि भांडला असता तर बरं झालं असतं. त्याने मान खिडकीकडे वळवली. खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, जरा पुढे, परत मागे. "अहो, त्या दिवशी मी विचारायला नको होतं," ती म्हणाली. सहा वर्षांनी म्हणाली.

"विचारलंस ते बरं. बाकीच्यांनी विचारलंसुद्धा नाही." आणि मग, "पान वाढ. भूक लागली असेल तुला."

तिने दोन ताटं वाढली. समोरासमोर बसली, रोजच्यासारखी. तो खाली मान घालून जेवत होता, डावीकडचं, उजवीकडचं, मग वरच्या कडेचं, बोटं ताटाच्या काठाकाठाने फिरत होती. मग हात थांबला. त्याने पाण्याचा पेला घेतला आणि ताट पुढे सरकवलं, झालं म्हणून. ताटाच्या मध्यावर मूठभर भात तसाच होता. तो रोजच राहतो. सहा वर्षं ती तो उचलून टाकत होती आणि मनात म्हणत होती, अन्नावर राग काढायचा तो काढा. तोंडापुढचं सोडून देतात आणि बाजूबाजूचं टिपतात. वेड्यासारखी. ती ताटाकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे. तो तिच्या कानाच्या पलीकडे बघत होता. पट्ट्या चहूबाजूंनी फिरतात. मधलं गेलं आणि नुसतं कडेने दिसलं तरी डोळा त्यांच्यामागे जातो. अकरा असोत नाहीतर एकोणीस, त्या ड्रमला यातलं काहीच कळणार नव्हतं, तेव्हाही नव्हतं आणि आताही नव्हतं, आणि चिठ्ठीबाईंनी ते चार माणसांत सांगितलं होतं तेव्हा ती नाक पुसत होती. उद्या जाऊन ती हे सांगू शकत होती. सर ऐकूनही घेतील. मग विचारतील, माणसात हे कुणी पाहिलं? आणि तिला म्हणावं लागेल, मी.

तिने हात लांब केला, त्याच्या ताटातला मधला भात बोटांनी उचलला आणि डाव्या कडेला ठेवला. त्याची मान किंचित वळली.

"अगं," तो म्हणाला, "हा होता होय अजून?" आणि जेवायला लागला.